खळ्यावरची पाणबुडी

पळस फुलला की माझं डोकं फिरतं. पळसावर लिहायचं म्हणजे केशरी रंग, रानातला वणवा, उन्हाचा सण असं काहीतरी लिहायची पद्धत आहे. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे तसं लिहिणं मलाही जमतं, पण मी लिहिणार नाही. फाल्गुन उतरणीला लागला, ज्वारीची मळणी आटपली आणि ओढ्याकाठच्या पळसाला फुलं आली की मला एकच हंगाम आठवतो. त्या आठवणीत मला आवडावं असं काही नाही.

परवा एका लग्नासाठी महाळुंग्याला गेलो होतो. माझं ते जन्मगाव, पण आता कोणत्या वळणावर उतरायचं हे मला चालकाला सांगता येत नाही. जिथे आमचं खळं होतं तिथे कंटेनर उभे असतात, आणि दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये सापडलेला एक पळस कुणीतरी तोडायचा विसरून गेलंय. तो फुलला होता. तेव्हापासून घुश्शातच होतो. संध्याकाळी पिंपरीला, संत तुकाराम नगरातल्या घरी आलो, तर नातीने टीव्हीवर पाणबुड्यांचा माहितीपट लावलेला. जुन्या लढाईतली काळीपांढरी चित्रं, दाढी वाढलेले गोरे खलाशी, हातात टिनचे मग. वर निवेदकाचा तो धीरगंभीर आवाज. नात म्हणाली, आजोबा बसा, भारी आहे. मी उठून टीव्ही बंद केला आणि खोलीत जाऊन पडलो. सुनेला वाटलं, लग्नात कुणी काही बोललं असेल. तिला काय सांगणार? म्हणून इथे सांगतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांचा, गावच्या शाळेत नुकताच लागलेला मास्तर. मास्तर या शब्दाला तेव्हा काय वजन होतं ते आज सांगून कळणार नाही. पत्र आलं की मी वाचायचं, औषधाच्या बाटलीवरचं मी वाचायचं, पंचांगातली तीथ मी सांगायची. मी म्हणालो म्हणजे ते झालं. माझ्याहून तिप्पट वयाची माणसं मला अहोजाहो करत, आणि ते मला फार आवडत असे.

घरात आम्ही तिघं. वडील, म्हणजे आबा. मी. आणि वैनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, अनसूया. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे मला वाढवलं ते वैनीनेच. दादा लढाईच्या दिवसांत मुंबईला गोदीत कामाला गेला आणि तिथून मालवाहू बोटीवर कोळसा टाकायला लागला. गावात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. दादा तर थेट त्याच्या पोटात, बोटीच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, भट्टीपुढे उभा राहायला गेला. वर्षभरात बोटीच्या कंपनीचं पत्र आलं की शत्रूच्या पाणबुडीने बोट बुडवली, आणि तिच्यावरच्या कुणाचाच पत्ता नाही. वैनी तेव्हा अठरा-एकोणीसची असेल.

प्रेत नाही म्हणून दिवस घातले नाहीत. दिवस घातले नाहीत म्हणून कुंकू पुसलं नाही. गावच्या बायकांनी यातून जो रस्ता काढला त्याचा मला आजही संताप येतो. त्या तिला हळदीकुंकवाला बोलवत नसत आणि कपाळ मोकळंही ठेवू देत नसत. लेकुरवाळीच्या ओटीला तिचा हात चालत नसे, पण बारशाच्या स्वयंपाकाला तोच हात चालत असे. अशी बारा वर्षं काढली तिने.

बारा वर्षं, कारण रीतच तशी होती. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा, त्याला रीतसर अग्नी द्यायचा, आणि माणूस गेला असं धरायचं. त्यानंतर बाई मोकळी. आमच्यात पाट लागतो, म्हणजे गेलेल्याच्या बायकोचं दुसरं लग्न होतं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आणि वैनीला स्थळ आलं होतं. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला होता, त्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात शंकरराव नावाचे एक गृहस्थ होते. बार्शीकडचे, विधुर, चार वर्षांची एक मुलगी. चाकणच्या बाजारात कांदे घ्यायला येत, तिथेच ओळख झाली. कमी बोलणारा माणूस. दिवसभर बाटल्या धुऊन हात पांढरेफटक पडलेले, म्हणून सारखे खिशात घालायचे. ती मुलगी दुसऱ्याच भेटीत वैनीच्या मांडीवर झोपली. वैनीने हो म्हटलं. ते तिने कुणाच्या तोंडून सांगितलं नाही, भाकरी थापता थापता स्वतः मला म्हणाली, "मला जायाचं हाय, भावजी." बारा वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

त्या साली माघातच पळसाची पानं तोडून पाटीत भरून माळ्यावर ठेवली होती, कारण फुलं आली की झाड पानं टाकून देतं. सुगी सरली की चैत्रात पुतळा जाळायचा आणि अक्षय तृतीयेच्या पुढेमागे पाट लावायचा असं ठरलं होतं. आबा तोंडाने हो म्हणत होते. पण सुगीत वैनी ज्या वेगाने कणसं खुडत होती ते बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ती बाई घरातून जाणार म्हणजे किती हात जाणार याचा हिशेब त्यांच्या मनात चालू होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि मग सिनेमाची सरकारी गाडी आली.

मळणी होऊन गेलेलं खळं म्हणजे गावातली सगळ्यात देखणी जागा. चोपून शेणाने सारवलेली, गुळगुळीत, खडा नाही. बैल फिरवायचा मधला खांब उपटून तिथेच दोन बांबूंना पांढरं कापड ताणलं. गाडीबरोबर एक साहेब होते, गळ्याला रुमाल, सारखे घड्याळ बघणारे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी धरणाची फिल्म आहे, मग खताची आहे, पण खताच्या फिल्मला लोक उठून जातात, म्हणून शेवटी लढाईची ठेवलीय. ती इंग्रजीत होती. अशा वेळी आवाज बारीक करायचा आणि गावातल्या शिकलेल्या माणसाने कर्ण्यातून मराठीत सांगत राहायचं, अशी त्यांची कामाची रीत होती. फिल्म आधी बघायला मिळणार नव्हती. मी विचारलं, काय आहे तिच्यात? साहेब म्हणाले, पाणबुडी आहे, खलाशी कसे राहतात ते आहे, शेवटी शत्रूची बोट बुडवतात. "जरा रंगवून सांगा मास्तर, मेल्यासारखं नको." एवढीच तयारी. पेटीत गोऱ्यांच्या वेळची उरलेली एक फिल्म, लढाई संपून दहा वर्षं झालेली, आणि ती घेऊन हा गृहस्थ गावोगाव हिंडत होता. त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं का ती कुठली, कधीची? विचारण्याची अक्कल मला नव्हती.

रंगवून सांगायचं म्हणजे मी काय केलं? धरणाच्या फिल्ममध्ये साहेबांनी सांगितलं होतं की हे काम आता चालू आहे, तुमच्या डोळ्यांदेखत. लोक ते ऐकून सावरून बसले होते. मी तोच सूर उचलला. म्हणालो, मंडळी, आपण इथे खळ्यावर बसलोय, आणि या घटकेला खोल समुद्राच्या पोटात ही माणसं लोखंडी पिंपात बसून लढताहेत. या घटकेला. माणसं गप्प झाली. गप्प झालेल्या गावापुढे बोलण्याची एक नशा असते, ती मला चढली.

ती फिल्म मला अजून जशीच्या तशी दिसते. एक अरुंद लोखंडी बोळ. वरून ठिबकणारं पाणी. पाणतीरांच्या, म्हणजे टॉर्पेडोंच्या, अंगावर बिछाना टाकून झोपलेली माणसं. एकजण बटण शिवतोय. एकजण गुडघ्यावर कागद ठेवून पत्र लिहितोय. एकजण बादलीभर बटाटे सोलतोय, आणि पुरुष बटाटे सोलतोय म्हणून आमच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग घंटा. सगळे आपापल्या जागी. प्रमुख एका नळीला डोळा लावतो. पाण्यावर दूर एक बोट, तिच्या धुराड्यातून धूर. कुणीतरी आकडे मोजतो. मग एक दणका, पडदा हलल्यासारखा झाला, आणि ते दाढीवाले एकमेकांकडे बघून हसले. मग चहा.

आज मला त्या फिल्मची लबाडी कळते. माणसं मारायच्या आधी त्यांना बटाटे सोलताना दाखवायचं, म्हणजे ती आपल्या घरातली वाटतात. आणि ज्या बोटीला भोक पडलं तिच्यात कॅमेरा एकदाही नेला नाही. तिच्यात काय नव्हतं? तिथेही बटणं तुटत असतील, पत्रं लिहिली जात असतील. तळाशी भट्टीपुढे कुणीतरी उघडा माणूस हातात फावडं घेऊन उभा असेल, आणि पाणी पहिलं त्याच्याकडे येत असेल. माझा दादा ज्या बोटीत गेला तिलाही अशाच कुणीतरी नळीतून पाहिलं असणार, आणि नंतर अशाच कुणीतरी चहा ओतला असणार. त्यांच्या देशात त्यांचीही अशी फिल्म निघाली असेल.

ती बोट कलंडली तेव्हा मी कर्ण्यातून ओरडलो, "बुडाली, बुडाली!" आणि अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. आबांनीही. दादाचे वडील.

टाळ्या थांबल्यावर मला उमगलं, आणि मी बायकांच्या बाजूला पाहिलं. वैनी पुढच्याच रांगेत होती. ती रडत नव्हती. ती पडद्याकडे असं बघत होती की मला हायसं वाटलं. वाटलं, तिला दादाची आठवण झाली नाही, सुटलो. घरी येताना लोक पाठ थोपटत होते, मास्तरने काय सांगितलं, वा. मी फुगलो होतो.

सकाळी मी राखुंडीने दात घासत होतो. वैनी धारेची चरवी घेऊन आली आणि खाली न ठेवता उभी राहिली.

"भावजी, समुद्रातली लढाई आजून चालू हाय?"

मी चूळ भरायला तांब्या उचलला.

"न्हाई, म्या म्हणते, जिमिनीवरची सरली ते ठावं हाय. गावचे फौजेतले समदे आले परत. पर समुद्रातली तुमी काल म्हणालात, आजून चालू हाय. त्यास्नी सुट्टीच न्हाई. पाण्याच्या खालीच ऱ्हात्यात, तिथंच खात्यात. पत्र बी लिवत्यात."

दादा तिथे पाण्याखाली जिवंत असेल का, हेच ती विचारत होती, आणि ते मला लगेच कळलं. असं नाही की समजलं नाही. तिच्या तोंडावर जे होतं ते बारा वर्षांत मी पाहिलं नव्हतं. त्याच वेळी कुंपणापलीकडून शेजारी ऐकत होता, ज्याने रात्री माझी सगळ्यात जास्त वाहवा केली होती. एका वाक्याचं काम होतं. वैनी, ती फिल्म जुनी आहे, मी चुकलो. एवढंच. मी तोंडातली राखुंडी थुंकली आणि म्हणालो, "व्हय. समुद्रातली चालूच हाय."

संध्याकाळी तिने दाराआडून आबांना सांगितलं की लढाई सरली नसेल तर पुतळा जाळता येणार नाही, जित्या माणसाला अग्नी देणं पाप होईल. आबा जेवत होते. लढाई संपल्याचे पेढे आबांनी स्वतःच्या हाताने खाल्ले होते. गावच्या चावडीवर सरकारने वाटले तेव्हा पहिल्या रांगेत तेच होते. त्यांनी घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "मास्तर म्हंतोय म्हंजी खरंच आसंल. लडाई सरल्यावर बारा वर्सं मोजू." आणि पुढचा घास घेतला. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून त्या बाईला घरात ठेवून घेतलं. आबांनी ते जाणूनबुजून केलं, आणि मी घाबरून. यात कमी वाईट कोण, हे मी अनेक वर्षं स्वतःला पटवत होतो.

शंकररावांना निरोप गेला. पंधरा दिवसांनी गावची जत्रा आली. माळ्यावरची पानं आबांनी खाली काढली. पानं वाया कशाला घालवायची, म्हणाले. ओल्या फडक्यात गुंडाळून ती मऊ केली, आणि वैनीनेच बसून त्यांच्या पत्रावळ्या लावल्या. ज्या पानांचा दादा व्हायचा होता त्यांवर आम्ही पुरणपोळी जेवलो. मी तीन खाल्ल्या. वैनी वाढत होती.

म्हणूनच पळसाची फुलं बघून कुणी कविता म्हणायला लागलं की मी उठून जातो. म्हणा तुम्ही.

त्या पावसाळ्यात मी पुण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलो. दर शनिवारी घरी यायचो, वैनीने धुतलेले कपडे आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन परत जायचो. ती पाटाने पिंपरीला गेली असती तर मला हे कुणी करून दिलं असतं? हा विचार माझ्या मनात तेव्हा आला होता. आज कबूल करतो, आला होता. पुढच्या सुगीत शंकरराव मला चाकणच्या बाजारात भेटले. हात खिशात. म्हणाले, "मास्तर, तुमच्यानं काही होईल का? पोरगी विचारते." मी म्हणालो, आबांशी बोलून सांगतो. ते मान हलवून गेले. मी आबांशी बोललो नाही. बाजारातून येताना वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं, आणि उंबऱ्यात आल्यावर आबांनी बैलांचं काहीतरी काढलं, ते निमित्त मला पुरलं. पुढच्या दिवाळीच्या आत शंकररावांनी त्यांच्याच गावाकडची एक बाई केली असं कानावर आलं. वैनीने ते ऐकलं आणि निवडायला घेतलेली डाळ तशीच सुपात ठेवून गोठ्यात गेली.

त्यानंतर सांगण्यासारखं काय? तिने आबांचं शेवटपर्यंत केलं. माझं लग्न केलं. माझी मुलं मोठी केली. आबा गेल्यावर तरी मी बोलायला हवं होतं, पण तेव्हा मी म्हणत राहिलो की आता तिचं वय झालं, आता जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, ती सुखात आहे. गावात तिचं नाव निघालं की लोक हात जोडायचे. बघा, म्हणायचे, नवऱ्याची वाट बघत बाईने जन्म काढला. एका सत्कारात तर तिला साडी देऊन कुणीतरी तिच्या निष्ठेवर भाषण केलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची मला सवयच आहे.

साठी उलटल्यावर तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी पिंपरीला माझ्या घरी आणलं. पट्टी निघून आठ दिवस झाले होते. दुपारची ती खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती, मी पेपर वाचत होतो. औषधाच्या कारखान्याचा भोंगा झाला. ती म्हणाली, हाच का तो कारखाना? मी म्हणालो, हाच. तेव्हा मला वाटलं की आता बोललं नाही तर मी बोलणारच नाही. मी पेपर खाली ठेवला. म्हणालो, वैनी, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. त्या खळ्यावरच्या सिनेमाचं. ती लढाई तेव्हाच संपलेली होती, मी...

तिने हातानेच मला थांबवलं.

"ठावं हाय मला. आठ दिसांतच कळलं व्हतं. निरोप गेल्यावर शंकरराव बाजारात भेटले, त्यांनीच सांगितलं, ती फिल्म जुनी."

मी विचारलं, मग तुम्ही आबांना सांगितलं का नाही?

"म्या कसं सांगू? माज्या नवऱ्याचा पुतळा जाळा, असं बाईनं कोणच्या तोंडानं म्हनावं? लोकं काय म्हनली असती, लई घाई झालीय हिला." ती ताटात बोटं फिरवत राहिली. "म्या शंकररावास्नी म्हणले, थांबा. आमचे भावजी मास्तर हायेत. म्या वाढवलंय त्यास्नी. ते बोलत्याल मामंजीम्होरं. त्ये बी थांबले बिचारे वरीसभर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कुठेतरी उभं राहता आलं असतं. दर शनिवारी मी पुण्याहून यायचो तेव्हा ती पायरीवर येऊन उभी असायची, आणि मला वाटायचं, ती माझ्या मळक्या कपड्यांसाठी उभी आहे. गाव म्हणायचं बाई नवऱ्याची वाट बघते. त्या आठ दिवसांनंतर ती दादाची वाट बघत नव्हती. ती माझी वाट बघत होती, आणि मी दर शनिवारी येत होतो, भाकरी खात होतो, आणि परत जात होतो.